लोखंडाचा पाळणा

माइक हातात आला की जगातला प्रत्येक माणूस आधी त्यात फुंकर मारतो आणि मग 'हॅलो, वन टू थ्री' म्हणतो. जालन्याच्या मस्तगडात माझा साउंड आणि मंडपाचा धंदा आहे, त्यामुळे पुढाऱ्यांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळ्यांचं वन टू थ्री ऐकून माझे कान किटलेत. आमचे मल्हारीनाना मात्र माइक धरला की एकदम गंभीर होतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "पीठ. मीठ. भाडं. पीठ. मीठ. भाडं." तिसऱ्यांदा म्हणायच्या आत गल्लीतली निम्मी माणसं खिडक्या लावून घेतात, कारण पुढे किमान तासभर काय चालणार ते त्यांना ठाऊक असतं.

"नाना, सगळ्यांसारखं वन टू थ्री म्हणा की," मी एकदा म्हटलं.

"काहून? वन टू थ्रीनं कुनाचं पोट भरलं का आजवर? माइक तपासायचाच हाय, तर कामाचं बोलून तपासावा. आवाज फुकट कशाला घालवायचा, सुभाषशेठ?"

मला शेठ म्हणणारा सबंध जालन्यात हा एकच माणूस. बाकी सगळे मला 'ए साउंडवाले' म्हणतात.

गल्लीत येऊन तुम्ही 'मल्हारीनाना कुठे राहतात' असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. 'ठराव नाना' म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत सोडून येईल. वडीगोद्रीकडच्या एका वाडीवर त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. भाऊ मेंढरांमागे राहिले आणि नाना जालन्याला येऊन रोलिंग मिलमध्ये लागले. भट्टीतून निघालेली लालभडक सळई चिमट्यात धरून पुढे ढकलायची, हे काम त्यांनी म्हातारे होईपर्यंत केलं. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग आहेत. मिलच्या धडधडाटात कानात बोललेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं जन्मभर ओरडून बोलतात. निवृत्त झाल्यावर मिल सुटली, ओरडणं सुटलं नाही.

नानांना गुपित सांगताना तुम्ही ऐकायला हवं. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसतात, इकडेतिकडे बघतात, तोंडाला हात लावतात आणि म्हणतात, "सुभाषशेठ, हे कुनाला सांगू नका!" रस्त्याच्या पलीकडचा पानवाला तिकडूनच हात हलवून 'नाही सांगत' म्हणतो.

त्यांच्या जगात साधं बोलणं असं नसतंच. असतो तो ठराव. चहा हवा असला तर "चहा सांगावा असा ठराव मांडतो," आणि मग सगळ्यांकडे बघून "अनुमोदन कोन देतंय?" न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही त्यांनी ठराव मांडलेत, आणि न्हाव्याने हातातला वस्तरा वर करून अनुमोदन दिल्यावर शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून उभं राहिलं होतं. त्यांचा ठराव बहुधा एकाच वळणाचा असतो: जो राबतो त्याचं आधी बघा. पिठामिठावर कर नको, पाळीच्या वेळेला बस पाहिजे, कामगाराच्या घरभाड्याला वेसण पाहिजे. सरकार कुणाचंही येवो, नाना तीच मागणी त्याच आवाजात करतात.

सगळ्या पक्षांनी त्यांना आपलं करून बघितलं. कुठेच महिनाभरही टिकले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "सगळीकडं येकच. चहा आला की पयला स्टेजवर जातो. सतरंज्या टाकनाऱ्याला कुनी इचारत न्हाई. मंग मी इचारतो, ह्यात वाढप्याचं काय? तर मलाच खाली बसवतेत."

हे 'वाढप्याचं काय' प्रकरण माझ्या घरातल्या लग्नापासूनचं आहे. पुतणीचं लग्न, मुहूर्त दुपारचा. अक्षता पडेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं आणि वऱ्हाडी मंडळी भुकेने एकमेकांवर डाफरत होती. पंगत बसणार एवढ्यात नानांनी माझ्याच माइकचा ताबा घेतला.

"पीठ. मीठ. भाडं. मंडळी, भूक कुनाकुनाला लागली? हात वर करा!"

सगळ्या मंडपाने हात वर केले. व्याह्यांनी तर दोन्ही केले.

"बराबर! मंग पहाटंपासून चुलीपुढं हुबं राहून ज्यांनी हे रांधलं, त्यांना किती लागली आसंल? म्हनून पयली पंगत आचाऱ्याची आन् वाढप्यांची बसावी, असा ठराव मांडतो. हात तर वरच हायेत. ठराव मंजूर!"

व्याह्यांनी हात खाली घेतले तोवर उशीर झाला होता. आचारी, त्याच्या हाताखालच्या बायका, वाढपी, भांडी घासणाऱ्या मावश्या सगळे लाजत लाजत पाटावर बसले. आता वाढणार कोण? नानांनी वरणाची बादली नवरदेवाच्या मामाच्या हातात दिली. मामा आधी रुसले, मग वाढू लागले, आणि शेवटी असे रंगले की आचाऱ्याला "घ्या हो, लाजू नका, तुमचंच आहे" असा आग्रह करत बसले. माझी वहिनी अजून नानांशी बोलत नाही. शहरातले आचारी मात्र लग्नाची तारीख धरताना नाना येणार का, ते आधी विचारतात.

तेव्हापासून अर्थसंकल्पाच्या दिवशी नाना सकाळपासून माझ्या दुकानातल्या टीव्हीपुढे येऊन बसतात. मंत्री एकेक घोषणा करतात आणि नाना प्रत्येक घोषणेनंतर टीव्हीला विचारतात, "बरं. ह्यात वाढप्याचं काय?" टीव्ही उत्तर देत नाही. मग ते माझ्याकडे बघतात, जसं काही ते सगळं मीच वाचून दाखवत होतो.

एकदा त्यांच्या या हात वर प्रकरणात मी पुरता बुडालो. मोसंबीच्या मार्केटात हमालांसाठी सावलीची शेड आणि पाणी मागायचं, असं नानांच्या मनात आलं. म्हणाले, "सगळे हमाल जिथं जमतेत तिथंच ठराव मांडू. जल्दी चला." आम्ही गेलो, आणि जमले होते ते सगळे लिलावाला. एका ढिगापाशी बोली चाललेली. नाना भोंगा घेऊन पोत्यावर चढले आणि गरजले, "ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा!" हमाल शहाणे, त्यांना लिलावात हात वर करण्याचा अर्थ माहीत. कुणी बोट हलवलं नाही. नानांची फजिती नको म्हणून मी हात वर केला, तोही चांगला उंच.

"दिला!" लिलाववाला ओरडला. "ढीग साउंडवाल्याचा!"

पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी पाण्याऐवजी मोसंबीचा रस होता. पाहुण्यांना रस, शेजाऱ्यांना रस, बायकोने रागाच्या भरात एकदा देवालाही रसानेच अंघोळ घातली. नाना रोज संध्याकाळी येऊन एक पेला पीत आणि मिशा पुसत म्हणत, "ठराव पडला, पर रस झकास हाय."

असा हा माणूस. लोक हसायचे, मीही हसायचो, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. वेगळे नाना दिसले ते रुबीनाच्या वेळी.

रुबीना आमच्याच गल्लीतली. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. ती एका बियाणं कंपनीच्या पॅकिंगमध्ये कामाला. आयान नावाचं तिचं दोन वर्षांचं पोर सासू सांभाळायची. सासू मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि म्हातारीलाच सांभाळायची वेळ आली. म्हातारीपाशी शेजारणी आळीपाळीने बसू लागल्या, पण धावणाऱ्या पोरामागे कोण धावणार? काही दिवस रुबीनाने आयानला कामावर नेलं. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, पण त्याचंही खरं होतं. मशीन चालू असतात, पोराचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. त्याने सांगितलं, सध्या पोराला गेटाबाहेर बाभळीखाली बसव, पण या महिन्याच्या अखेरपर्यंत त्याची सोय कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरी बाई घ्यावी लागेल.

ती पायरीवर बसून नानांना हे सांगत होती आणि आयान नानांच्या चपलेत माती भरत होता.

"मैं क्या करू नाना? काम छोडू तो खर्चा कैसे चलेगा?"

मला वाटलं, आता नाना ठराव मांडतील. त्यांनी नुसती आयानच्या मुठीतली माती हळूच झटकली आणि उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतो तर ते पायरीवर हजर.

"सुभाषशेठ, गल्लीच्या टोकाचं समाजमंदिर बंद पडेल हाय. तिथं पाळनाघर पाहिजे. जागा म्हापालिकेनं द्यावी, आन् सांभाळनाऱ्या बायांचा पगार कारखान्यांनी. बायांच्या हातचं काम पाहिजे, तर बायांच्या पोरांची सोय कुनी करायची? रुबीनासारख्या ह्या गल्लीत ढीगभर हायेत. भोंगा काढा."

"नाना, कारखानेवाले ऐकतील का?"

"जालना सोने का पालना, आसं समदं जग म्हनतं ना? मंग कुठंय पालना? सोन्याचा नको म्हनावं, लोखंडाचा द्या. लोखंड तर आपल्याच गावात व्हतंय!"

ही ओळ त्यांची त्यांनाच इतकी आवडली की त्यांनी ती पानवाल्यालाही ऐकवली. खरं तर त्याने ती पहिल्याच वेळी रस्त्यापलीकडून ऐकली होती.

आम्ही रिक्षावर भोंगा बांधून निघालो. "मायबहिनींनो, पाळना मागाया या! ऐतवारी संध्याकाळी समाजमंदिरापुढं, पाळना मागाया या!" तिथेच घोटाळा झाला. मराठीत पाळणा म्हटलं की कुणाच्या मनात काय येईल याचा नेम नाही. पोरांना वाटलं, जत्रेतला आकाशपाळणा येणार. ती टोळकं करून रिक्षामागे धावू लागली. पलीकडच्या आळीतल्या कासाबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी रिक्षा थांबवून नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मल्हारी, ह्या वयात? आन् तुझ्या सुभद्रेला जाऊन एवढी वर्षं झाल्यावर? कोन हाय ती?" नानांचा चेहरा भट्टीतल्या सळईसारखा झाला. मी खाली उतरून कासाबाईंच्या कानात सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पहिलं सरकार म्हनायचं पाळना लांबवा, आता हा म्हनतो पाळना आना. येक काय ते ठरवा बाबांनो."

सगळ्यात कहर दुसऱ्या दिवशी झाला. नानांच्या दाराच्या कडीला कुणीतरी एक छोटा लाकडी पाळणा बांधून गेलं होतं. देवळात नवसाचा बांधतात तसा, हळदकुंकू लावलेला. कुणा बाईला वाटलं असणार, नाना पाळण्याचं काहीतरी करून देतात.

"काढून टाकू का?" मी हसू दाबत विचारलं.

"राहू द्या. कुनाची तरी मागनी हाय. मागनी परत करायची नस्ती," नाना म्हणाले.

रविवारी सभा झाली. महापालिकेचे एक साहेब आले, पॅकिंग कारखान्यांच्या वतीने एक मॅनेजर आले. बायका झाडून आल्या आणि पोरं घेऊन आल्या, दुसरीकडे ठेवणार कुठे? सभा कसली, कोंडवाडा झाला. एकाने माझी वायर ओढली, एकीने साहेबांच्या बुटात पाणी ओतलं, आयान सतरंजीवर बसून राष्ट्रीय आपत्ती असल्यासारखा रडत होता. नाना गरजत होते, पण पोरांपुढे त्यांचंही चालेना. कुठली बाई बोलायला उभी राहिली की तिचं पोर पदर ओढून तिला खाली बसवी. साहेब थोडा वेळ सोसत बसले आणि उठले. "गोंगाट फार आहे, नाना. नीट बोलता येईल अशी सभा घ्या. पुढच्या रविवारी एकदा येतो. त्यानंतर मात्र मला वेळ नाही."

पुढचा रविवार म्हणजे रुबीनाला दिलेल्या मुदतीतला शेवटचा. त्या आठवड्यात नानांनी चहाचा ठरावसुद्धा मांडला नाही. बायकांना विचारलं तर प्रत्येकीचं तेच, "पोराला कुठं ठेवून येऊ?" पाळणाघर मागायला यायचं तर आधी पाळणाघर पाहिजे, असा तो पेच होता. मी म्हटलं, "बायका नसल्या तरी चालेल, तुम्ही बोला." त्यांनी जन्मभर ज्या भाषणाची तयारी केली ते हेच, हे मला माहीत होतं. नाना नुसते "बघू" म्हणाले.

रविवारी दुपारी ते आले आणि हात पुढे केला. "गोडाऊनची किल्ली द्या."

माझं गोडाऊन म्हणजे समाजमंदिरामागची एक लांबट खोली, लग्नाच्या गाद्या आणि तक्के ठेवायची. त्यांना बसायला गादी हवी असेल असं समजून मी किल्ली दिली.

संध्याकाळी मी मंडप लावला, स्पीकर लावले. साहेब आले, मॅनेजर आले. आणि बायका येऊ लागल्या. कुणाच्याही कडेवर पोर नव्हतं. हात मोकळे राहायची सवय नसल्याने त्या पदराशी चाळा करत, एकमेकींकडे बघून हसत सतरंजीवर बसल्या. नुसता शांत मंडप बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण नानांचा कुठे पत्ता नव्हता. माइकपुढे पीठ नाही, मीठ नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात रुबीना उठली आणि माझ्यापाशी आली. "नाना बोले, तू बोल."

"आणि नाना?"

"वो नई आते," ती म्हणाली आणि माइक घेतला. मी हळूच आवाज वाढवला.

"मेरेकू भाषण नई आता," रुबीना म्हणाली, आणि मग साहेबांना कळावं म्हणून मराठीत बोलू लागली. "मी बियाणं निवडते, साहेब. कोनतं उगवनार, कोनतं न्हाई, ते बघून पाकिटात भरते. त्या बियाण्याला ऊन लागलं की खराब होतंय, म्हनून त्याला थंड खोली हाय. रातदिन मशीन चालू ऱ्हाते. चांगलं हाय, बियाणं जपायलाच पाहिजे. पर माझं पोरगं गेटाबाहेर बाभळीखाली बसवायला सांगतेत. बियाण्याला थंड खोली हाय, पोराला सावली न्हाई. मी काय लै मागून राह्यले का? येक खोली आन् येक सांभाळनारी बाई. सोन्याचा पालना नक्को. लोखंडाचा द्या."

ती थांबली. माइक मात्र तिने तसाच धरून ठेवला. कुणीही न सांगता मागच्या ओळीतल्या एका बाईने हात वर केला. मग दुसरीने, मग सगळ्याच जणींनी. मॅनेजर बराच वेळ खाली मान घालून बसले होते. उठून म्हणाले, पोरं सांभाळणाऱ्या बायांच्या पगाराचं आम्ही सगळे कारखाने मिळून बघू, लेखी देतो. साहेब म्हणाले, "हॉल द्यायला माझी हरकत नाही. उद्या कुलूप काढतो. फक्त आत कुणाचे तरी बांबू भरून ठेवलेत, ते कुणाचे आहेत?"

अख्खा मंडप माझ्याकडे बघू लागला. माझेच होते. उद्या उजाडायच्या आत काढतो, असं मी माइकवरून जाहीर केलं आणि त्या दिवशीच्या सगळ्यात जास्त टाळ्या मला मिळाल्या.

ही बातमी नानांना कधी सांगतो असं झालं होतं. गोडाऊनचं दार लोटून मी "नाना!" म्हणून हाक मारली.

"हळू!" आतून आवाज आला. मला क्षणभर कळलंच नाही की तो नानांचा आहे. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "झोपलेत."

लग्नाच्या गाद्या सबंध खोलीभर अंथरल्या होत्या आणि त्यांवर गल्लीतली सगळी बारकी पोरं आडवीतिडवी पसरली होती. नाना मधोमध बसले होते. एकाचं डोकं मांडीवर, एक पाठीला टेकलेलं, आणि आयान खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला. कुणीतरी त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लावला होता.

मी खाली बसून कुजबुजत सगळं सांगितलं. खोली मिळाली, पगार मिळाला, रुबीना काय बोलली. नानांनी फक्त मान हलवली.

"नाना, तुमचं भाषण राहिलं की हो."

"राहू द्या." बराच वेळ ते आयानच्या पाठीवर थोपटत राहिले. मग तशाच बारीक आवाजात बोलू लागले. "आमचा विलास येवढाच व्हता, सुभाषशेठ. मी मिलमध्ये, सुभद्रा कापसाच्या जिनिंगमध्ये. दोघांची पाळी येकच. ठेवायचा कुठं? मंग वाटूरला ठेवला, तिच्या माहेरी. चार दिसाचं म्हनून ठेवला आन् तिथंच वाढला. आमाला सुट्टी कुठं मिळायची? येकदा दिवाळीला दोघं गेल्तो. त्याच्यासाठी नवा सदरा नेल्ता. तो वट्ट्यावर खेळत व्हता. आमाला बघितलं आन् पळत घरात गेला. मला वाटलं, लाजला. तर आतून त्याचा आवाज आला, 'आज्जे, पाव्हने आले!'"

मी गादीवरून घसरलेल्या एका पोराला हळूच वर ओढून घेतलं.

"चांगला हाय पोरगा," नाना म्हणाले. "पुन्याला हाय. दर ऐतवारी फोन करतो. तब्येत इचारतो, जेवलो का इचारतो. कुनाला नावं ठेवायला जागा न्हाई. पर अजून बी अहोजाहो करतो, जसं पाव्हन्याला करावं तसं. सुभद्रा जाईस्तोवर म्हनायची, आपन त्याला पोसला, वाढवला न्हाई."

बाहेर बायकांचा गलका जवळ आला. दार उघडलं आणि रुबीना आत आली, पळत आल्यामुळे धाप लागलेली, ओढणी खांद्यावरून घसरलेली. नानांच्या खांद्यावरचं पोर उजेडाने हललं. डोळे चोळले, तोंड वाकडं केलं, आता रडणार असं वाटलं. मग त्याने दाराकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"अम्मी!"

नानांनी त्याला उचलून तिच्याकडे दिलं. हात रिकामे झाले तरी ते थोडा वेळ तसेच पुढे होते. माझ्याकडे वळून, इतर पोरं जागी होणार नाहीत अशा बेताने ते म्हणाले, "ओळखलं बघा तिला."